धंदा शिकविता येतो काय?



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय ‘महाविद्यालयातील उद्योजकताशिक्षण’ असा छापला आहे. शब्द भारदस्त आहे, म्हणून आरंभीच त्याची फोड केलेली बरी. बी. कॉम. आणि बी. बी. ए. या वर्गांत बसणाऱ्या अठरा ते एकवीस वर्षांच्या मुलामुलींना स्वतःचा धंदा काढण्यास शिकविता येते काय, येत असल्यास कोणी आणि कसे शिकवावे, एवढाच हा प्रश्न आहे. तो कडेगावात विचारण्यास विशेष अर्थ आहे; तो का, हे बोलण्याच्या ओघात येईलच.

या प्रश्नाला दोन उत्तरे नेहमी तयार असतात. पेठेत बसलेला व्यापारी म्हणतो, “धंदा रक्तात असावा लागतो, तो पुस्तकात सापडत नाही.” महाविद्यालयात बसलेला प्राध्यापक म्हणतो, “आमच्याकडे त्याचा स्वतंत्र पेपर आहे.” आम्हांस दोन्ही उत्तरे पटत नाहीत. धंदा रक्तातच असावा लागतो असे म्हणावे, तर पिढ्यान्‌पिढ्या नांगराच्या मागे चाललेल्या घरांतील पोरे याच भागातून उठली आणि परमुलखात दुकाने घालून बसली, ती कशी? आणि पेपर आहे म्हणून धंदा येतो असे म्हणावे, तर तो पेपर पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली मुले पुण्यास जाऊन दुसऱ्याच्या कचेरीत पगारावर बसतात, ती का?

अशा वेळी पोहण्याचा दृष्टान्त देण्याचा प्रघात आहे. काठावर बसून पोहता येत नाही, पाण्यात पडावे लागते, असे वक्ते सांगतात आणि टाळ्या घेऊन जातात. दृष्टान्त खोटा नाही, पण अर्धा आहे. आपल्याकडे विहिरीत पोरगे उतरविताना कोणी शहाणा बाप त्याला नुसता ढकलून देत नसे. त्याच्या कमरेला वाळलेला भोपळा बांधीत, आणि कोणीतरी मोठे माणूस खाली पाण्यात आधीच उतरलेले असे. धंदा शिकविताना तो भोपळा कोणता आणि पाण्यात उतरलेले ते मोठे माणूस कोण, याचा विचार केल्याशिवाय पोरांना ‘उडी मारा’ म्हणणे हे शिक्षण नव्हे.

प्रथम महाविद्यालयात काय चालते ते पाहू. आपल्या देशातील वाणिज्यशिक्षण ज्या गरजेपोटी जन्मले ती गरज निराळी होती. मुंबईस सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली निघाले, पुण्यास बृहन् महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ साली. पेढ्या, गिरण्या, बँका आणि विमा कंपन्या यांना हिशेब जाणणारी, कायदा समजणारी, टिपणे लिहिणारी माणसे हवी होती. ती या शिक्षणाने पुरविली, आणि चांगली पुरविली. त्या कामाची आम्हांस थोरवीच वाटते. परंतु हे शिक्षण दुसऱ्याच्या धंद्याची वही लिहिण्याचे होते. वहीच्या पहिल्या पानावर भांडवल म्हणून जो आकडा येतो, तो कोठून आला, कोणी कोणाच्या पायऱ्या झिजवून आणला, हे त्या वर्गात कोणी विचारीत नसे.

धंदा काढणे हाच विषय म्हणून शिकवावा, ही कल्पना जगातही फार जुनी नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने असा वर्ग १९४७ साली प्रथम काढला. युद्धावरून परत आलेले तरुण त्या वेळी विद्यापीठात आले होते आणि त्यांतील पुष्कळांना नोकरीपेक्षा स्वतःचे काहीतरी करावयाचे होते. आपल्याकडे अहमदाबादची उद्योजकता संस्था १९८३ साली उभी राहिली, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ साली. पुढे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. २०२४-२५ पासून बी. बी. ए.चे वर्ग अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले. उद्योजकतेचा पेपर आता व्यवसायशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत सर्रास दिसतो.

पण त्या पेपरात असते काय? उद्योजकाच्या व्याख्या असतात, त्याचे गुण असतात, सरकारी योजनांची यादी असते. आणि शेवटी ‘प्रकल्प अहवाल’ नावाचे एक चोपडे असते. मुलगा चार अहवाल समोर ठेवून पाचवा लिहितो. त्यात पहिल्या वर्षी नफा, दुसऱ्या वर्षी अधिक नफा, तिसऱ्या वर्षी दुसरी शाखा. चोपडे बांधून होते, वर सोनेरी अक्षरे येतात, परीक्षक सही करतो. त्या संबंध चोपड्यात एक गोष्ट कोठेच घडत नाही. ‘नको, पुढे जा’ असे म्हणणारे गिऱ्हाईक भेटत नाही. ते न भेटताच पदवी हातात पडते.

आता याच्या नेमकी उलट शाळा पाहावयाची असेल तर लांब जावयास नको. खानापूर, आटपाडी आणि आपला कडेगाव या दुष्काळी पट्ट्यातील गलाईचा धंदा आपणां सर्वांच्या माहितीचा आहे. येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांचे कोणीतरी चुलते, मामा, मेहुणे आज तामिळनाडूत, केरळात, बिहारात किंवा पंजाबात सोन्याचांदीच्या पेठेतील एखाद्या गल्लीत बसलेले असतील. तेथील लोक त्यांना नावाने ओळखण्याआधी ‘मराठा’ म्हणून ओळखतात. पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही, म्हणून बाहेर पडलेल्या माणसांनी देशभर हा धंदा उभा केला, आणि कोणत्याही विद्यापीठाने त्यांना तो शिकविला नाही.

ते शिकले कसे? पोरगे नात्यातल्या माणसाबरोबर परगावी जाई. पहिले काही महिने त्याच्या हातात झाडणी. सराफाच्या दुकानातील केर हा इतरांचा केर नव्हे; त्यात सोन्याचे कण असतात, तो राखून, जाळून, धुऊन त्यातून धातू परत काढावयाचा असतो. म्हणजे मालाचा कण वाया जाऊ न देण्याचा पहिला धडा झाडूनेच मिळे. मग भट्टी, मग मूस, मग टाकणखार किती घालावयाचा, मग तेजाब. डागाळलेल्या सोन्यात चांदी किंवा तांबे मिसळून सोन्याचा भाग चौथ्या हिश्श्यावर आणावयाचा, तो धातू नायट्रिक तेजाबात उकळावयाचा. चांदी-तांबे विरघळते आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती भुकटी म्हणजेच शुद्ध सोने. पाहणाऱ्याला ती माती वाटते. विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याचे पत्रे सोडले की ती खाली बसते.

हे झाले कसब. त्यापुढचा धडा ‘घट’ नावाचा. दहा तोळे मुशीत गेले तर बाहेर किती यावे, कमी आले तर ते कोठे गेले, आणि कमी आलेले गिऱ्हाइकाच्या पदरात घालावयाचे की आपल्या? धंदा या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात असतो. सराफ आपले लाखांचे सोने या माणसाच्या हाती देतो तो त्याच्या कसबासाठी देतोच. पण पुन्हा दुसऱ्यांदा देतो तो घट खरी सांगितल्यामुळे. ज्या माणसाकडे भांडवल नव्हते त्याने लोकांच्या विश्वासालाच भांडवल केले. मग एक दिवस मालक गावच्या जत्रेला येई आणि दुकान पोराच्या हाती राहत असे. त्या चार दिवसांत भाव बोलणे, नाही म्हणणे, उधारी थोपविणे, सारे त्याचे त्यालाच करावे लागे. काही वर्षांनी तोच पोरगा दुसऱ्या गावी आपली भट्टी लावी. पहिली मूस आणि पहिल्या दोन सराफांची ओळख मालकाची असे.

भोपळा आणि पाण्यात उतरलेले मोठे माणूस आम्ही म्हटले ते हेच. तोटा होई, पण तो चार दिवसांचा, मालकाच्या नजरेखालचा आणि सोसण्याजोगा असे.

या शाळेची आरती मात्र आम्ही ओवाळणार नाही. तिचे दोष ठळक आहेत. पोरे शाळा सोडून गेली; पुष्कळांच्या आयुष्यात सातवी-आठवीपुढे पाटी आली नाही. तेजाबाचा धूर छातीत गेला. ही विद्या नात्यातच फिरली. ज्याचा मामा गलाईत नाही त्याला दार बंद, आणि मुलींना तर दारच नव्हते. शिवाय कायद्याचे ज्ञान नसल्यामुळे माणसे हकनाक भरडली गेली. चोरीचे सोने घेतल्याचा संशय, जुन्या दंडसंहितेचे ४११ वे कलम (जुलै २०२४ पासून न्याय संहितेतील ३१७ वे), आणि परमुलखातील पोलीसचौकी, या तीन गोष्टींची धास्ती या धंद्यातील माणसाला कायमची असते. सोने देणाऱ्याची ओळख, पावती, वहीतील नोंद या गोष्टी त्याला कोणी शिकविल्या नव्हत्या. आणि आता काळही बदलला आहे. कसोटीच्या दगडाशेजारी क्ष-किरणांनी कस सांगणारे यंत्र आले. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरांकांची खूण लागते. नुसत्या हातावर आणि डोळ्यावर चाललेल्या कसबाला येथून पुढे पुस्तकाचीही गरज पडणार आहे. म्हणजे महाविद्यालयाजवळ जे आहे ते गलाईच्या भट्टीजवळ नव्हते, आणि भट्टीजवळ जे होते ते महाविद्यालयाजवळ नाही. दोघांची गाठ कोणी घालून दिली नाही, एवढेच.

दुसरी शाळा किर्लोस्करवाडीची. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आपणांस ठाऊक आहे, म्हणून सारे सांगत नाही. आमच्या विषयापुरते दोन-तीन प्रसंग पुरेत. हे गृहस्थ मुळात मास्तर होते. चित्रकला शिकावयास मुंबईस गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत असे ध्यानी आले, म्हणून यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत तोच विषय शिकवू लागले. नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली घेऊन बेळगावास भावाकडे पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकीत. गंमत अशी की, सायकल विकत घेणाऱ्याला ती चालविता येत नसे. तेव्हा रामूअण्णा पैसे घेऊन ती शिकवीतही असत. माल विकावयाचा तर गिऱ्हाइकाला आधी तो वापरावयास शिकवावे लागते, हा धडा या दोघा भावांना सायकलीने दिला.

तो पुढे नांगराला उपयोगी पडला. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. दोन वर्षे! आमच्या प्रकल्प अहवालात पहिल्या वर्षीच नफा असतो, आणि येथे देशातील एका मोठ्या उद्योगघराण्याच्या पहिल्या महत्त्वाच्या मालाला दोन वर्षे गिऱ्हाईकच नव्हते. त्यातच बेळगावची जागा नगरपालिकेच्या आज्ञेने सोडावी लागली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ दिला आणि १९१० साली तेथे कारखान्याची वसाहत बसली. त्या माळावर आलेले कामगार कोणी तंत्रशाळेतून आलेले नव्हते. आसपासच्या खेड्यांतील माणसे होती, ती तेथेच हाताने शिकली.

या नांगराची आणखी एक हकीकत शिक्षणाच्या इतिहासात पोहोचते. हे नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडणाऱ्या माणसांत भाऊराव पाटील हे एक होते. नांगराच्या निमित्ताने खेड्यापाड्यांतील घरे त्यांनी आतून पाहिली, आणि १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. ‘कमवा आणि शिका’ हे त्यांचे सूत्र आपल्या जिल्ह्यांतील हजारो घरांना तारून गेले. तरी येथे एक भेद नजरेआड करू नये. ‘कमवा आणि शिका’मध्ये कामाचा मोबदला ठरलेला असतो, विद्यार्थी राबला की तो त्याला मिळतो. धंद्यात राबूनही मोबदला मिळेलच असे नाही, आणि कधी न राबताही मिळतो. कर्मवीरांनी श्रमाची लाज घालविली. तोट्याची लाज घालविण्याचे काम अजून कोणी हाती घेतलेले नाही.

आमच्या मते मर्म याच ठिकाणी आहे. धंदा शिकविता येतो. परंतु तोटा वगळून शिकविता येत नाही. आणि हे केवळ आमचे मत नव्हे. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी १९६४ च्या सुमारास आंध्रातील काकिनाडा या बंदराच्या गावी एक प्रयोग केला. तेथील व्यापारी आणि छोटे कारखानदार हैदराबादच्या लघुउद्योग संस्थेत नेऊन त्यांना थोड्या दिवसांचे शिक्षण दिले. त्यांच्या पद्धतीत एक खेळ होता. जमिनीत खुंटी रोवलेली, हातात कड्या. कितीही अंतरावर उभे राहून कडी खुंटीत टाका. कोणी अगदी जवळ उभा राहतो आणि प्रत्येक कडी टाकतो, त्याला काही साधत नाही. कोणी बढाईने फार लांब उभा राहतो, त्याची कडी लागली तर नशीब. ज्याच्या अंगी कर्तृत्वाची ओढ असते तो मधले अंतर निवडतो. अवघड, पण सरावाने साधेल असे. दोन फेऱ्यांनंतर तो अर्धे पाऊल मागे सरकतो. प्रयोगाचे फलित १९६९ साली ग्रंथरूपाने आले. शिकलेल्यांनी न शिकलेल्यांपेक्षा नवे उद्योग अधिक काढले, आणि त्यांतही ज्यांच्या हाती स्वतःचे दुकान किंवा कारखाना होता त्यांच्यावर शिक्षणाचा परिणाम अधिक दिसला.

हा शेवटचा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या हातात काहीतरी आहे त्याला शिकविलेले लागते. आमच्या वर्गातील पोराच्या हातात काही नसते. तेव्हा पहिले काम कोणते? त्याच्या हातात काहीतरी देणे. लहान, पण खरे.

एक उदाहरण मांडतो. आकडे आम्ही समजुतीसाठी धरले आहेत, बाजारभावाशी कोणी ताडून पाहू नयेत. समजा, पाच विद्यार्थ्यांनी शेंगदाण्याची चिक्की करून आपल्याकडील ताबुतांच्या भेटीच्या दिवशी विकावयाचे ठरविले. त्या दिवशी उंच ताबूत पाहावयास सारा मुलूख लोटतो, तेव्हा गिऱ्हाइकाची वाण नाही. पाच किलो शेंगदाणे, किलोस १२० रुपये, म्हणजे ६००. चार किलो गूळ, किलोस ५० प्रमाणे २००. एकूण ८००. भाजताना, पाखडताना वजन घटते, काही तुकडे मोडतात. शंभर ग्रॅमची ८० पाकिटे विकण्याजोगी होतात. पंधरा रुपयांस एक, म्हणजे १,२०० रुपये. मुले आनंदाने सांगतात, “सर, चारशे रुपये नफा!”

येथे शिक्षकाचे काम सुरू होते. “गॅस कोणाचा जळला?” आईचा. ८० रुपये लिहा. “पाकिटे आणि वरच्या चिठ्ठ्या?” शंभर. “गाडीचे पेट्रोल?” शंभर. चारशेतून २८० गेले, राहिले १२०. “पाच जणांनी चार-चार तास काम केले ना?” म्हणजे वीस तास, तासाला सहा रुपये पडले. आणि आईने पाक धरला, त्याचे काय? ती म्हणाली, “अरे, घरचेच आहे.” घरचे म्हणून जे फुकट धरले जाते त्यावरच आपल्याकडील निम्मे धंदे नफ्यात दिसतात, आई किंवा बायको एक महिना आजारी पडली की तो नफा कोणाचा होता ते कळते. आता शेवटचा प्रश्न. “पैसे सगळे आले?” नाही, दहा पाकिटे मित्रांनी उधार नेली. दीडशे रुपये. म्हणजे वहीत १२० रुपये नफा आणि गल्ल्यात ३० रुपये कमी!

जी गोष्ट परिव्यय-लेखांकनाच्या ग्रंथातून वर्षभर समजत नाही ती या तीस रुपयांनी एका संध्याकाळी समजते. पुढच्या खेपेस मुले भाव वाढवितील, की पाकीट लहान करतील, की उधारी बंद करतील, की हा धंदाच सोडून देतील? चौथे उत्तरही बरोबर असू शकते, आणि ते देणाऱ्या मुलाला आम्ही कमी गुण देणार नाही.

गुणांचा विषय निघाला म्हणून सांगतो, सारी मेख तेथे आहे. नफ्याला गुण ठेवले की मुले नफा लिहून आणतील. लिहिण्यात ती हुशार आहेत. म्हणून गुण वहीला द्यावेत. रोजची नोंद त्याच दिवशीची आहे काय, न विकलेला माल दाखविला आहे काय, ज्या गिऱ्हाइकाने नकार दिला त्याने कारण काय सांगितले, हे पाहावे. प्रामाणिक तोट्याची वही पहिल्या वर्गात यावी आणि बनावट नफ्याची नापास व्हावी. हे विद्यापीठाच्या नियमांत बसविणे कठीण आहे असे सांगतात. आम्हांस ते फारसे कठीण वाटत नाही. अंतर्गत गुण महाविद्यालयाच्या हातात असतात, आणि ते कसे द्यावेत याचे स्वातंत्र्य आज आहे त्याहून अधिक कधी नव्हते.

आता भोपळ्याकडे येतो. भांडवल कोणाचे? या प्रश्नावर शहरातले वक्ते आणि आम्ही वेगळे होतो. ते येतात आणि सांगतात, “धोका पत्करा, अपयशाला भिऊ नका.” ज्याच्या बापाच्या नावे शहरात दोन सदनिका आहेत त्याला हे सांगणे ठीक. आपल्याकडील मुलाच्या बापाच्या नावे तीन एकरांचा सातबारा असतो. त्यावर सोसायटीचे कर्ज आधीच चढलेले असते. टेंभूचे पाणी ज्या शिवारात पोहोचले तेथे ऊस उभा राहिला हे खरे, पण उसाच्या बिलातून पोराच्या फसलेल्या धंद्याचे हप्ते फेडावयाचे म्हणजे बहिणीचे लग्न दोन वर्षे पुढे गेले. २०१५ साली निघालेल्या मुद्रा योजनेत तारण द्यावे लागत नाही, ही सोय चांगली आहे. पण हप्ता थकला की विसाव्या वर्षीच सिबिल बिघडते, आणि पुढे खरा धंदा सुचेल तेव्हा बँकेचे दार बंद असते. मुलांना या वयात कर्जाचे अर्ज भरावयास लावणाऱ्या शिबिरांना आमचा विरोध आहे. अर्ज भरणे हा धंद्याचा शेवटचा धडा असावा. आज तो पहिला झाला आहे.

त्याऐवजी महाविद्यालयाने स्वतःचा एक लहान निधी ठेवावा. पाच जणांच्या तुकडीला पाच हजार रुपये, त्याहून एक रुपया अधिक नाही, आणि मुदत एका सत्राची. नफा झाला तर मुद्दल परत, नफा मुलांचा. तोटा झाला तर निम्मा निधीचा आणि निम्मा मुलांनी आपसात वाटून घ्यावयाचा. निम्मा का? सारा निधीने सोसला तर तो तोटाच राहत नाही, आणि सारा मुलांनी सोसावयाचा तर गरिबाचे पोर तुकडीत येणारच नाही. पाच हजार पूर्ण बुडाले तरी एकाच्या वाट्यास पाचशे रुपये येतात. चटका बसेल इतके ते आहेत, घर हलेल इतके नाहीत.

मुलींविषयी स्वतंत्र बोलले पाहिजे, कारण गलाईच्या शाळेत त्यांना जागा नव्हती आणि महाविद्यालयात आज वर्गातले बरेचसे बाक त्यांचे आहेत. ‘मुलींनी घरबसल्या काहीतरी करावे’ हा जो सल्ला दिला जातो, त्यात आम्हांस एक खोच दिसते. घरबसल्या केलेल्या मालाचे गिऱ्हाईक दुसराच कोणीतरी शोधतो, भाव दुसराच ठरवितो आणि बाईच्या हाती मजुरी पडते. तेव्हा तुकडीत मुलगी असेल तर तिच्याकडे पाककृती न देता विक्री आणि वसुली द्यावी. तिने ठोक व्यापाऱ्याकडे जाऊन भाव बोलावा, थकबाकी मागावी. घरून परवानगी मिळत नाही, ही अडचण खरी आहे. त्यासाठी दोघी-तिघींनी मिळून जावे, शिक्षिकेने पहिल्या दोन खेपांस बरोबर जावे. पण बोलणे मुलीनेच करावे.

एक शंका पालक आमच्याकडे वारंवार बोलून दाखवितात. “दुकानच टाकायचे होते तर पोराला शिकविले कशाला?” आणि त्याहून हळू आवाजात, “दुकानदाराला मुलगी कोण देतो?” दुसऱ्या शंकेचे निरसन आमच्या हाती नाही, ज्यांच्या घरी मुली आहेत असे पुष्कळ सज्जन समोर बसले आहेत, त्यांनी ते करावे. पहिल्या शंकेला एवढेच म्हणतो, की १९३९ साली भिलवडीस भास्कर गणेश चितळे यांनी दुधाचा धंदा सुरू केला. दूध तर गावोगाव होते. ते नासण्याआधी दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविणे, त्याची प्रत रोज तीच ठेवणे आणि हिशेब चोख ठेवणे यालाच शिक्षण लागते. न शिकता दुकान टाकता येते. तिसऱ्या वर्षी ते कोठे गळते आहे हे शोधण्यास मात्र शिकलेला माणूस हवा.

शिवाय आम्ही असेही म्हणत नाही की वर्गातील साठही जणांनी धंदा काढावा. साठांपैकी चौघे काढतील. बाकीच्यांपैकी कोणी बँकेत बसतील, कोणी पतपेढीत, कोणी कारखान्याच्या कचेरीत. उद्या त्यांच्यापुढे कर्जाचा कागद घेऊन एखादा नवखा माणूस येईल, तेव्हा त्या कागदामागची उधारी, मोडलेले तुकडे आणि आईचा गॅस त्यांना दिसला, तर तेही या शिक्षणाचेच फळ.

आता आपणां गावकऱ्यांकडे मागणे. पैसे मागत नाही. पहिले मागणे वेळेचे. पाण्यात आधी उतरलेले मोठे माणूस आम्ही प्राध्यापक होऊ शकत नाही. आमचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो आणि मुलांना ते ठाऊक असते. ते माणूस आपण आहात. किराणा, खत-बियाणे, यंत्रमाग, कुक्कुटपालन, दूधसंकलन, गलाई, ज्याचा जो धंदा असेल त्याने एका तुकडीला सत्रभर आठवड्यातून एक तास द्यावा. भाषण नको. मुलांनी शेजारी बसून पाहावे, आणि शेवटी त्यांची वही आपण तपासावी. गलाईतील जी मंडळी वयामुळे गावी परतली आहेत त्यांच्याकडे आम्ही स्वतः येऊ. घटीचा हिशेब त्यांच्याइतका चांगला शिकविणारा माणूस वाणिज्य शाखेत नाही.

दुसरे मागणे थोडे अवघड आहे. आपल्या दुकानाच्या जुन्या वह्या, दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या, वाळवीच्या स्वाधीन करण्याऐवजी आम्हांस अभ्यासासाठी द्याव्यात. ज्या वर्षी बुडीत उधारीने हात पोळले, ज्या वर्षी दुष्काळात विक्री निम्म्यावर आली, त्या वर्षाची वही असेल तर अधिक चांगले. गिऱ्हाइकांची नावे कागद लावून झाकून टाका. बेरजा उघड्या ठेवा. वह्या जून उजाडण्याच्या आत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पोहोचल्या, तर नव्या वर्षाच्या पहिल्या सत्रापासूनच त्या वर्गात वाचावयास घेता येतील.